झाकलेले ठिपके : वाचकाच्या हाती आलेल्या आलेखांचा इतिहास

१/२६
२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. अमेरिकेतील तीन ठिकाणे दूरध्वनीने जोडली गेली होती : युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल ही रॉकेट-मोटर बनवणारी कंपनी, अलाबामातील मार्शल अंतराळ केंद्र आणि फ्लॉरिडातील केनेडी अंतराळ केंद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याच्या थंडीत 'चॅलेंजर' यान उडवायचे की नाही, हा एकच प्रश्न चर्चेला होता. थायोकॉलच्या अभियंत्यांना धास्ती होती ती रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांची, म्हणजेच ओ-रिंगांची. थंडीत रबर ताठरते, सांधा घट्ट मिटत नाही आणि आतला तप्त वायू बाहेर निसटू शकतो.

२/२६
चर्चेसाठी घाईघाईने तयार केलेले तक्ते फॅक्सने पाठवण्यात आले. पूर्वीच्या ज्या उड्डाणांत कड्यांना इजा पोहोचली होती, त्यांच्याच तापमानांची तुलना झाली. एका उड्डाणाच्या वेळी सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते आणि इजा झाली होती; दुसऱ्या वेळी ते सुमारे २४ अंश होते, तरीही इजा झाली होती. मग थंडीचा आणि इजेचा संबंध तो काय? असा प्रतिवाद पुढे आला. अभियंत्यांचा विरोध असतानाही कंपनीच्या व्यवस्थापनाने आपला आधीचा नकार मागे घेतला. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला यानाचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

३/२६
या दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने तीच आकडेवारी पुन्हा मांडली. या वेळी इजा न झालेली उड्डाणेही त्यात धरली. चित्र पालटले. सांध्याचे तापमान ६३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असताना झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. तापमान ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत ती आढळली होती. थंडीचा धोका दाखवणारा पुरावा निर्धोक उड्डाणांत दडलेला होता आणि नेमकी तीच तुलनेतून गळली होती.

४/२६
दुर्घटनेचे सारे खापर आलेखावर फोडता येत नाही. वेळापत्रकाचा दबाव होता, वरिष्ठांचा अट्टाहास होता. तरीही त्या रात्री एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही : 'बाकीची उड्डाणे कुठे आहेत?' आणि कोणी तो विचारला असता, तरी फॅक्सच्या कागदाला उत्तर देता आले नसते. कागदावरचा आलेख एकदा छापला की मुका होतो. विचारले तर उत्तर देणारा, हात लावला तर बदलणारा आलेख कसा घडत गेला, याचा इतिहास या धाग्यात मांडला आहे. आज डॅशबोर्डवर सहज वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक युक्तीमागे माणसांची अनेक वर्षांची धडपड उभी आहे.

५/२६
वाचकाने हाताने हलवावे असे चित्र ही कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. १५४० मध्ये जर्मनीतील इंगोलश्टाट येथे पेट्रुस आपिआनुस या गणितज्ञाने 'ॲस्ट्रोनॉमिकम सीझेरियम' हा भव्य ग्रंथ छापला. त्याच्या पानांवर एकावर एक बसवलेल्या, रंगवलेल्या कागदी चकत्या होत्या आणि त्यांना दोरे ओवलेले होते. चकती फिरवून दोरा ताणला की ग्रहाचे स्थान वाचता येई. हवी ती तारीख वाचकाने निवडायची आणि उत्तर पानाने द्यायचे, असा तो व्यवहार होता.

६/२६
पुढे आलेखांची भरभराट झाली ती मात्र स्थिर रूपात. १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर याने इंग्लंडच्या व्यापाराचा ॲटलास प्रसिद्ध केला आणि आयात-निर्यातीच्या वक्ररेषा वाचकांपुढे आल्या. १८५८ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे पाकळ्यांसारख्या आकृत्यांतून दाखवली. हे आलेख प्रभावी होते, कारण त्यांच्या कर्त्यांना काय सांगायचे ते नेमके ठाऊक होते. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे आणि काय वगळायचे, हे तिन्ही निर्णय कर्त्याचे असत. वाचकाकडे उरे तो फक्त विश्वास किंवा अविश्वास.

७/२६
या निर्णयांची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली ती जाक बेर्तँ या फ्रेंच नकाशाकाराने. पॅरिसमधील आपल्या प्रयोगशाळेतील अनुभवावर त्याने १९६७ मध्ये 'सेमिऑलॉजी ग्राफिक' हा ग्रंथ लिहिला. चित्रातील खुणेला अर्थ देण्याची साधने मोजकीच आहेत, असे त्याने दाखवले : तिची जागा, आकारमान, गडद-फिकी छटा, पोत, रंग, दिशा आणि आकार. कोणते साधन कोणत्या प्रकारच्या माहितीला शोभते, याचा जणू व्याकरणग्रंथच त्याने रचला. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कलर', 'साइझ', 'शेप' अशी जी बटणे दिसतात, त्यांची वंशावळ या ग्रंथापर्यंत पोहोचते.

८/२६
बेर्तँच्या प्रयोगशाळेत संगणकाविना एक विलक्षण यंत्रणा वापरली जाई. तक्त्यातील प्रत्येक आकड्यासाठी एक छोटा ठोकळा असे आणि त्याच्या छटेवरून आकड्याचे मोठेपण कळे. ठोकळ्यांतून सळया ओवून पूर्ण ओळ किंवा पूर्ण स्तंभ उचलता येई आणि दुसरीकडे बसवता येई. सारख्या दिसणाऱ्या ओळी शेजारी-शेजारी आणत गेले की विस्कळीत पटावर हळूहळू गडद-फिके पट्टे उमटत. मग त्याचे छायाचित्र घ्यायचे. तक्त्यातील ओळींचा क्रम ही देवदत्त गोष्ट नव्हे, तो बदलता येतो आणि बदलल्यावरच माहिती बोलू लागते, हा धडा या ठोकळ्यांनी दिला.

९/२६
अटलांटिकच्या पलीकडे जॉन ट्युकी हा संख्याशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होता. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि बेल प्रयोगशाळा अशा दोन्ही ठिकाणी तो काम करत असे. संगणकशास्त्रातील 'बिट' हा शब्द त्याचाच. त्या काळी संख्याशास्त्राचा भर आधी गृहीतक मांडून मग ते तपासण्यावर होता. १९६२ मधील एका दीर्घ निबंधात ट्युकीने या चौकटीलाच आव्हान दिले. न्यायाधीशाप्रमाणे निकाल देण्यापूर्वी कोणीतरी गुप्तहेराप्रमाणे माग काढला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. आकडेवारी न्याहाळण्याच्या या कामाला त्याने शास्त्राचा दर्जा मिळवून दिला.

१०/२६
१९७२ मध्ये ट्युकी काही काळ कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रेषीय प्रवेगक केंद्रात राहिला. तेथील कणभौतिकीच्या प्रयोगांतून निघणाऱ्या प्रत्येक नोंदीत अनेक मोजमापे एकत्र असत. मेरी ॲन फिशरकेलर आणि जेरोम फ्रीडमन यांच्यासह त्याने 'प्रिम-९' ही प्रणाली उभी केली. हे नाव तिच्या चार कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले : चित्र दाखवणे, ते फिरवणे, त्यातला भाग वेगळा काढणे आणि नको तो भाग झाकणे. नऊ हा आकडा मितींचा होता. प्रत्येक ठिपक्याची नऊपर्यंत मोजमापे ही प्रणाली हाताळू शकत असे.

११/२६
नऊ मितींचा ढग माणसाला दिसणार कसा? पडद्यावर एका वेळी दोनच अक्ष मावतात आणि नऊ मोजमापांच्या जोड्या होतात ३६. एकेक जोडी पाहणे म्हणजे आंधळ्यांनी हत्ती चाचपणे : एकाला सोंड, दुसऱ्याला पाय. 'प्रिम-९' ने ढग फिरवण्याची सोय केली. पडद्यावरचे ठिपके फिरू लागले की जवळचे आणि दूरचे ठिपके वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि सपाट काचेवर एकाएकी खोली जाणवते. फिरणे थांबले की खोलीही मावळते. ट्युकी स्वतः या प्रणालीचे प्रात्यक्षिक देत असलेली एक फिल्म त्या काळी तयार करण्यात आली आणि ती आजही पाहायला मिळते.

१२/२६
या चार कामांपैकी 'झाकणे' हे पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. एखाद्या मोजमापाची किमान आणि कमाल मर्यादा ठरवली की मर्यादेबाहेरचे ठिपके पडद्यावरून नाहीसे होत. मर्यादा सरकवत गेले की ढगाचा एकेक थर उलगडे. आजच्या भाषेत हाच 'फिल्टर'. 'चॅलेंजर'च्या तेरा-चौदा वर्षे आधी हे तंत्र अस्तित्वात होते. पण त्यासाठी लागणारा संगणक आणि त्याचा चित्रपडदा प्रचंड महाग होता. मोठ्या संशोधन केंद्राबाहेर तो कोणाच्या आवाक्यात येणे शक्य नव्हते. तंत्र जन्मले, पण वाढायला त्याला घर मिळाले नाही.

१३/२६
ते घर मिळायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला आणि माउस ही वस्तू सामान्यांच्या टेबलावर पोहोचली. ट्युकीचा शिष्य पॉल वेलमन याने त्यावर 'डेटा डेस्क' हे सॉफ्टवेअर आणले. १९८९ मध्ये सॅस या कंपनीचे 'जंप' आले. एका खिडकीतील आलेखात ठिपके निवडले की दुसऱ्या खिडकीतील आलेखातही तेच ठिपके उजळावेत, ही सोय या पिढीने रुळवली. निरनिराळी चित्रे आता एकमेकांना ओळखू लागली होती.

१४/२६
त्यामागचे सूत्र नेमकेपणाने मांडले ते बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलँड यांनी. १९८७ मध्ये 'टेक्नोमेट्रिक्स' या नियतकालिकात त्यांचा 'ब्रशिंग'वरचा लेख आला. पडद्यावर ठिपक्यांच्या आलेखांची एक चौकट असे आणि प्रत्येक घरात मोजमापांची एक वेगळी जोडी. वाचकाच्या हाती असे एक आयत, म्हणजेच कुंचला. एका घरात तो ठिपक्यांवरून फिरवला की तीच निरीक्षणे उरलेल्या सगळ्या घरांत त्याच क्षणी ठळक होत. डोळा एका घरातून दुसऱ्या घरात धावे आणि 'इथे टोकाला असलेले तिथे कुठे आहेत?' याचे उत्तर मिळे.

१५/२६
या लेखात एक सूक्ष्म भेद होता. कुंचल्याची कामे त्यांनी वेगवेगळी ठेवली : ठिपके ठळक करणे, न निवडलेले झाकणे, निवडलेले काढून टाकणे आणि ठिपक्यांना नावे देणे. ठळक करणे आणि झाकणे वरवर सारखेच वाटतात. पण ठळक केल्यावर बाकीचे ठिपके जागेवर राहतात आणि तुलनेचा आधार टिकतो. झाकल्यावर उरते ते फक्त निवडलेले. 'चॅलेंजर'च्या आदल्या रात्री माणसांनी नकळत केले ते दुसरे काम. इजा झालेली उड्डाणे ठळक केली असती आणि बाकीची फिकी का होईना, पण दिसत ठेवली असती, तर उजवीकडे उबदार दिवसांतील निर्धोक ठिपक्यांची दाटी नजरेत भरली असती.

१६/२६
आतापर्यंतची ही मंडळी शास्त्रज्ञांसाठी साधने घडवत होती. सामान्य माणसाचा विचार केला तो मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांनी. आज्ञा टंकण्याऐवजी पडद्यावरची वस्तू थेट हाताळता यावी, हा विचार त्यांनी १९८३ मध्ये मांडला होता. १९९२ मध्ये क्रिस्टोफर विल्यमसन यांच्यासह त्यांनी 'होमफाइंडर' दाखवला. वॉशिंग्टन परिसराचा नकाशा, त्यावर विक्रीच्या घरांचे ठिपके आणि बाजूला स्लायडर : किंमत, खोल्या, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर. स्लायडर सरकवला की न बसणारी घरे क्षणार्धात मावळत. घर शोधणाऱ्या कुटुंबाला डेटाबेसची भाषा शिकण्याची गरज उरली नाही.

१७/२६
१९९४ मध्ये क्रिस्टोफर आलबर्ग आणि श्नायडरमन यांनी 'फिल्मफाइंडर' केला. आडव्या अक्षावर वर्ष, उभ्या अक्षावर लोकप्रियता आणि प्रत्येक चित्रपटाचा एक ठिपका. इथे स्लायडर एकमेकांना बांधलेले होते : एक निवड केली की दुसऱ्यांत निरर्थक पर्याय उरत नसत, त्यामुळे वाचक रिकाम्या पडद्यापाशी पोहोचत नसे. चित्र सुमारे एक दशांश सेकंदात बदलले पाहिजे, असा या गटाचा आग्रह होता. आधी सर्वांगाचे दर्शन, मग जवळून पाहणे व गाळणे आणि मागितल्यावरच तपशील, हा क्रम श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये सांगितला. माउस ठेवताच उघडणारी टूलटिप हे त्यातील शेवटच्या पायरीचे रूप होय.

१८/२६
तरीही एक अडचण उरली. प्रत्येक विषयासाठी नवा कार्यक्रम लिहावा लागे. घरांचा वेगळा, चित्रपटांचा वेगळा. कोणत्याही तक्त्याला चालेल असे यंत्र हवे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट हॅनरहन, क्रिस स्टोल्टी आणि डायॲन टँग यांनी 'पोलॅरिस' ही प्रणाली घडवली आणि २००० मध्ये ती मांडली. हॅनरहन हे पूर्वी पिक्सारमध्ये होते आणि ॲनिमेशनपटांमागच्या 'रेंडरमॅन' या तंत्राच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक होते. पुढे एड कॅटमल यांच्यासह त्यांना २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चित्रपटांच्या प्रतिमा घडवणारा माणूस आता आकड्यांच्या प्रतिमांकडे वळला होता.

१९/२६
'पोलॅरिस'मध्ये तक्त्यातील स्तंभांची नावे उचलून 'शेल्फ'वर टाकायची असत : एक आडव्या, एक उभ्या, एक रंगाच्या. त्यामागे एक काटेकोर बीजगणित काम करी. दोन्ही अक्षांवर संख्या आल्या तर ठिपक्यांचा आलेख, एकीकडे वर्गवारी आणि दुसरीकडे संख्या आली तर स्तंभालेख, दोन्हीकडे वर्गवारी आली तर तक्ता. डेटाबेसला विचारायचा प्रश्न प्रणाली स्वतःच लिहून घेई. बेर्तँचे व्याकरण आणि श्नायडरमन यांची थेट हाताळणी येथे एकत्र आली. २००३ मध्ये क्रिश्चन शाबो यांच्यासह हॅनरहन आणि स्टोल्टी यांनी 'टॅब्लो' ही कंपनी स्थापन केली आणि हे संशोधन कचेऱ्यांतील टेबलांवर पोहोचले.

२०/२६
जनसामान्यांना मात्र हलत्या आलेखाची गोडी लावली ती स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनी. तरुणपणी, १९७२ मध्ये, ते बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य शिकले होते. मुलगा ओला आणि सून ॲना यांनी घडवलेल्या 'ट्रेंडॲलायझर'मध्ये प्रत्येक देश एक बुडबुडा होता आणि वर्षे सरकत तसे बुडबुडे पडद्यावरून वाहत. २००६ मधील त्यांचे व्याख्यान जगभर गाजले. २००७ मध्ये गूगलने ते सॉफ्टवेअर विकत घेतले. पण २००८ मध्ये जॉर्ज रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात आढळले की लोकांना ॲनिमेशन आवडते, तरी स्वतः विश्लेषण करताना शेजारी-शेजारी मांडलेली छोटी स्थिर चित्रे अधिक उपयोगी पडतात.

२१/२६
२०११ मध्ये माइक बोस्टॉक, वादिम ओगिव्हेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी स्टॅनफर्डमध्ये 'डी-३' हा मुक्त संच प्रसिद्ध केला आणि ब्राउझरमधील प्रत्येक रेघ डेटाशी बांधता येऊ लागली. वृत्तपत्रांनी तो उचलला. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने वाचकांपुढे एक कोरा आलेख ठेवला : आईवडिलांचे उत्पन्न वाढते तसे मुलांचे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण कसे बदलते, ती रेषा तुम्हीच काढा. रेषा काढल्याशिवाय उत्तर दिसत नसे. प्रत्यक्षात ती जवळजवळ सरळ चढती होती. वाचकाचा स्वतःचा समज त्याच्याच हाताने कागदावर उतरला आणि मग वस्तुस्थितीशेजारी उभा राहिला.

२२/२६
हा सगळा वारसा आजच्या 'प्रगत' म्हणवल्या जाणाऱ्या तंत्रांत वाहतो. पडद्यावर ती २४ उड्डाणे ठिपक्यांच्या रूपात मांडली आहेत, अशी कल्पना करावी. साधा फिल्टर लावला तर इजा झालेले सात ठिपके उरतील आणि तीच जुनी चूक पुन्हा घडेल. टॅब्लोमध्ये २०१८ साली आलेल्या 'सेट ॲक्शन'ने वाचकाने निवडलेले ठिपके एका संचात जातात. बाकीचे फिक्या रंगात मागे राहतात आणि शेजारच्या स्तंभालेखात एकूण किती, त्यांपैकी निवडलेले किती, हे एकाच स्तंभात दिसते. बेकर आणि क्लीव्हलँड यांच्या कुंचल्याचेच हे नवे रूप आहे.

२३/२६
दुसरे तंत्र छेदाचे रक्षण करते. फिल्टर लावला की टक्केवारीचा छेदही गुपचूप बदलतो, हा नवशिक्यांना हमखास चकवणारा खड्डा. २०१५ मध्ये आलेल्या 'लेव्हल ऑफ डिटेल' सूत्रांतील 'फिक्स्ड' हा प्रकार नेहमीच्या वर्गवारीच्या फिल्टरआधी मोजला जातो, त्यामुळे चित्रात काहीही झाकले तरी एकूण २४ ही संख्या २४ च राहते. (मात्र 'कॉन्टेक्स्ट' फिल्टर त्याच्याही आधी लागू होतो, हे ध्यानात ठेवावे लागते.) तिसरे तंत्र २०१९ चे, 'पॅरामीटर ॲक्शन'. एखाद्या ठिपक्यावर टिचकी मारली की तापमानाची उभी सीमारेषा तिथे सरकते आणि दोन्ही बाजूंची प्रमाणे नव्याने मोजली जातात. रेषा १८ अंशांवर आणली की डावीकडे चारपैकी चार, उजवीकडे विसापैकी तीन.

२४/२६
साधन हाती आले म्हणून ते वापरले जाईलच असे नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे आर्ची त्से यांनी सहव्यवसायींना बजावले होते की वाचकाला टिचकी मारायला लावायची, तर त्यातून काहीतरी भव्य घडले पाहिजे. बहुतेक वाचक फक्त खाली सरकत जातात. वेगाचाही प्रश्न आहे. झिचेंग लिऊ आणि जेफ्री हीर यांनी २०१४ मध्ये प्रत्येक कृतीला मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विलंब लावून पाहिला. लोकांनी कमी हालचाली केल्या, डेटाचा कमी भाग पाहिला आणि त्यांची निरीक्षणेही रोडावली. श्नायडरमन यांचा एक दशांश सेकंदाचा हट्ट अनाठायी नव्हता. चित्र रेंगाळले की जिज्ञासाही मंदावते.

२५/२६
धोका उलट्या बाजूनेही आहे. २०१८ मध्ये इमानुएल झ्ग्रागन आणि सहकाऱ्यांनी लोकांना संवादी आलेख देऊन कृत्रिम आकडेवारी न्याहाळायला सांगितली. त्या आकडेवारीत खरे संबंध कोणते, हे संशोधकांना आधीच ठाऊक होते. लोकांनी काढलेल्या निष्कर्षांपैकी ६० टक्क्यांहून अधिक चुकीचे निघाले. कारण उघड आहे : फिल्टर शंभर प्रकारे फिरवले तर कुठेतरी, केवळ योगायोगाने, आकृती उमटतेच. ढगात हत्ती दिसावा तशी. गुप्तहेराने माग काढावा, पण निकाल मात्र ताज्या, आधी न पाहिलेल्या पुराव्यावर व्हावा, असा ट्युकीच्या विचाराचा उत्तरार्ध या गर्दीत अनेकदा विसरला जातो.

२६/२६
१९८६ च्या त्या रात्री हवी होती ती तुलना करायला संगणकाचीही गरज नव्हती. आलेखाचा चौकोनी कागद, पेन्सिल आणि २४ ठिपके पुरले असते. उणीव होती ती झाकलेल्या ठिपक्यांची आठवण करून देणाऱ्या एका आवाजाची. आपिआनुसच्या कागदी चकतीपासून आजच्या डॅशबोर्डपर्यंत प्रश्न विचारण्याचा अधिकार हळूहळू कर्त्याकडून वाचकाकडे आला आणि त्याबरोबर जबाबदारीही आली. म्हणून कोणताही आलेख समोर आला, तो कितीही देखणा आणि हलता असला, तरी पहिली टिचकी एकाच ठिकाणी मारावी : सगळे फिल्टर काढून टाकावेत आणि काय काय झाकले गेले होते ते पाहावे.

(धागा समाप्त)